न थांबवलेला दाणा

माझ्या वडिलांना आम्ही घरातले सगळे तात्या म्हणतो. त्यांचा जन्म साखर कारखान्यात गेला, पण चहा बिनसाखरेचा पितात. कुणी विचारलं तर म्हणतात, "आयुष्यभर बघितली की. आता खायाची कशाला?" मी बारामतीला एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तोंडाची मी फटकळ आणि रागाची लवकर. आई म्हणते, हे दोन्ही गुण बापाकडनं फुकटात मिळालेत.

तात्या पॅनमन होते. आमच्याकडं पॅनमन म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही, पण ज्यांच्या गावाजवळ कारखाना नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस गाळून आटवला की त्याचा दाट पाक होतो. तो पाक एका खोलीएवढ्या बंद भांड्यात, म्हणजे पॅनमध्ये, आणखी उकळतात आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. तो दाणा धरवायचा, वाढवायचा आणि हवा तेवढा झाला की थांबवायचा, हे पॅनमनचं काम. लवकर थांबवला तर साखर पिठासारखी होते. उशीर केला तर सगळा माल बिघडतो. तात्या दांड्यानं थोडासा पाक बाहेर काढायचे, काचेच्या तुकड्यावर पसरायचे आणि एक डोळा मिटून बल्बसमोर धरायचे. बघून झालं की ओरडायचे, "बास! थांबवा!" लहानपणी हंगामात मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा ते ओरडणं ऐकून माझ्या छातीत धडकी भरायची.

रिटायर झाल्यावर ते निरवांगीला, गावच्या घरी ऊस आणि थोडी डाळिंबं बघत बसले होते. चालताना चौकटीला खांदा आपटायला लागला, ताटातली डावीकडची चटणी दिसेनाशी झाली, तरी हे गप्प. आईला वाटलं, म्हातारपण आलं. शेवटी एकदा बैलगाडीच्या जुवाला अडखळून पडले, तेव्हा मी दोघांना उचलून बारामतीला माझ्याकडं आणलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "कडेनं नजर जाते आणि मधली सगळ्यात शेवटी जाते. गेलेली परत येणार नाही. उरलेली औषधानं जितकी सांभाळता येईल तितकी सांभाळू, पण यांना यायला फार उशीर झालाय." मी बाहेर येऊन इतकी चिडले, इतकी चिडले, की रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले. तात्या मात्र शांत होते. म्हणाले, "नळीतनं बघितल्यासारखं दिसतंय. पर नळीतलं अजून बेस दिसतंय."

त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं, म्हणून दवाखान्यातून त्यांना तसंच कॉलेजात नेलं आणि प्रयोगशाळेत एका स्टुलावर बसवलं. माझ्या टेबलावर मुलांनी केलेले स्फटिक ठेवले होते. त्यात एक होता क्रोम तुरटीचा, हरभऱ्याएवढा, गर्द जांभळा. तात्यांनी तो उचलला आणि खिडकीकडं तोंड करून नळीत, म्हणजे आपल्या उरलेल्या नजरेत, बरोबर धरला. मग बोटांत सावकाश फिरवला.

"हे काय हाय गं?"

"दाणाच आहे तात्या. तुमच्या साखरेसारखाच. आपली दाढीची तुरटी असते ना, तिची बहीण. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतं, हिच्यात त्याच्या जागी क्रोमियम. म्हणून रंग."

"ह्याला थांबवलं कुणी?"

मला कळेना. "कुणी नाही. मुलांनी पाण्यातून बाहेर काढला म्हणून थांबला."

"न्हाय काढला तर?"

"पाण्यात माल आहे तोवर वाढत राहील."

त्यांनी तो खडा हळूच टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पोरी, मी आख्ख्या जन्मात एक दाणा मोठा हू दिला न्हाय. धरवायचा, जरा मोठा झाला की थांबवायचा. पोत्यानं पोती काढली, पर दाण्याला वाढायचं असतंय किती, ते काय मला बघाय मिळालं न्हाय. एक दाणा मला बघायचाय. थांबवायचा न्हाय. डोळं हायती तवर."

मी म्हटलं, खडीसाखर करू की घरी. तर म्हणाले, "ती दोऱ्याला गर्दी करती. एकावर एक चढत्यात. मला येकटा पायजे. आन् पांढरं मला आता दिसंना झालंय, सगळं धुक्यात जातंय. हे गडद हाय. हे दिसतंय." एवढं बोलून ते उठले आणि टेबलाच्या कोपऱ्याला मांडी आपटून घेतली. मी तोंड फिरवून फळा पुसत बसले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोर मुलं होती.

त्याच आठवड्यात मी क्रोम तुरटीची पूड घरी आणली. गर्द जांभळी, मूठभर वाळूसारखी. आईनं आधीच बजावलं, "माझ्या सैपाकघरात असलं काय बी आणायचं न्हाय." मी म्हटलं, खायचं नाहीच आहे, हात लावला तर धुवायचा, एवढंच. तरी तात्यांनी सवयीनं चिमूट अंगठ्यावर घेऊन जिभेकडं नेलीच. मी असा आवाज चढवला, की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावलं.

"अगं, चव न्हाय घेतली तर माल कळायचा कसा?"

"ह्या मालाची चव घ्यायची नसते! साखर आहे का ही?"

मग मी त्यांना सगळं नीट सांगितलं. शिकवायची खोड आहे मला, आणि ते ऐकून घेणारे एकमेव विद्यार्थी आहेत. या क्षाराला दुहेरी सल्फेट म्हणतात, कारण पोटॅशियम आणि क्रोमियम अशा दोघांचे सल्फेट एकाच स्फटिकात नांदतात. एकेकटे वेगळे, पण एकत्र आले की दोघांची मिळून एकच घडी बसते. आणि त्या घडीत पाणी असतं. पाण्याचे सहा रेणू क्रोमियमला वेढून बसतात, सहा पोटॅशियमला. बाहेरून बघाल तर कोरडा ठणठणीत दगड, पण वजनात जवळजवळ निम्मं पाणी. तात्यांनी तो हरभऱ्याएवढा खडा परत हातात घेतला आणि दोन बोटांत दाबून बघितला.

"निम्मं पाणी? ह्यात?"

"ह्यात."

"आईच्यान?"

"आईच्यान."

ते खडा दाबत राहिले. मीही ही गोष्ट वर्गात किती वर्षं सांगत आले होते, पण तो हात बघितल्यावर मलाच पहिल्यांदा ती खरी वाटली.

आईला यात काडीचा रस नव्हता. "ह्याचा उपेग काय?" एवढंच तिचं. मी सांगितलं, कापडाला रंग पक्का बसावा म्हणून वापरतात. चामडं कमावायला वापरायचे, क्रोमियमनं कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही. आणि पूर्वी फोटोवाले वापरायचे. फिल्मवर सरसासारखा थर असतो, तो कडक उन्हाळ्यात धुताना मऊ पडून सुटायचा. या क्षाराच्या पाण्यात बुडवला की घट्ट व्हायचा. आईनं मान वर केली. भिंतीवर तिचा आणि तात्यांचा लग्नानंतरचा फोटो आहे, वरकुट्याहून, म्हणजे तिच्या माहेराहून, निघून इंदापूरला स्टुडिओत थांबून काढलेला, ऐन वैशाखातला. "म्हंजे माझं तोंड ह्यानं टिकवलं म्हण की," ती म्हणाली. मी म्हटलं, असेलही, सांगता येत नाही. तेव्हापासून तिनं त्या पुडीला फडताळात एक कोपरा दिला.

कोमट पाण्यात पूड विरघळवली, काचेच्या रुंद बरणीत ओतली, वर मलमलीचं फडकं बांधलं. जांभळं गर्द पाणी, शाईसारखं. मी तात्यांना बजावलं, आता फक्त वाट बघायची. पाणी सावकाश उडेल, माल जास्त होईल, मग दाणा धरेल. त्यांनी मान हलवली. पण मान हलवणं आणि ऐकणं या त्यांच्याकडं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी विसरले.

उन्हाळा सुरू झाला होता. आई चार दिवस वरकुट्याला गेली होती. दुपारी मी कॉलेजातून परत आले, तर स्वयंपाकघरात माझं खिरीचं पातेलं गॅसवर. गॅस बंद, पण पातेलं गरम. आणि पातेल्यात हिरवंगार पाणी. पाचूसारखं लखलखीत हिरवं. बरणी ओट्यावर रिकामी. मला काय झालंय ते एका क्षणात कळलं. साखरेच्या माणसानं साखरेचं केलं होतं. दाणा धरेना म्हणून पाक आटवायला घेतला होता.

मी तोंड उघडलं, ते ओरडायलाच. पण तात्या कोपऱ्यात जमिनीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. ते घाबरले होते.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "बाय, डोळं गेलं गं माझं. रंगबी फिरलं आता. त्या पाण्याकडं बघितलं तर मला हिरवं दिसतंय."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. "डोळे नाही तात्या. पाणीच हिरवं झालंय."

"पाणी?"

"पाणी. मलाही हिरवंच दिसतंय."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला हसू आलं आणि रडूही आलं. आणि पुढच्याच क्षणाला ते तडकले. "मग आधी न्हाय का सांगायचं, उकळलं की बिघडतंय म्हून!"

"मी काय सांगू? दाणा धरायला वाट बघा म्हटलं होतं!"

"आटवल्याबिगर दाणा धरतोय व्हय कुठं? चाळीस डिग्रीच्या उन्हात बसून त्यो पाक हसत हुता मला!"

"आणि माझं खिरीचं पातेलं?"

 ते पातेलं त्या दिवसापासून स्वयंपाकातून बाद झालं आणि आईनं परत आल्यावर त्यावरून दोघांनाही असं काही ऐकवलं, की ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चिडणं ओसरल्यावर मी त्यांना सांगितलं, काय झालंय. क्रोमियमभोवती पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात, तोवर रंग जांभळा. उकळी दिली की त्या पाण्यातलं काही उठून जातं आणि रिकाम्या जागी सल्फेट येऊन बसतो. रंग हिरवा होतो. आणि हिरव्या पाण्यातून स्फटिक येत नाही, नुसता चिकट गोळा राहतो. गंमत बघा, हेच क्रोमियम चामड्याला उकळत्या पाण्यात टिकवतं आणि स्वतःला मात्र उकळी सोसत नाही.

"मग आता?"

"आता हे ओतून देऊ. मी नवी पूड आणते."

तात्या ताठ झाले. "ओतायचं न्हाय. मी जन्मात पॅन गटारात सोडला न्हाय. बिघडला तर सरळ करून घेतला. मी बिघडवलंय, ह्येच सरळ हुयाला पायजे."

"ते आपोआप सरळ होतं म्हणतात. थंड ठेवलं तर तो सल्फेट हळूहळू उठतो आणि पाणी परत आपल्या जागी येऊन बसतं. हिरवं परत जांभळं होतं."

"किती दिस लागत्यात?"

 मला माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मुलांना सांगितलं होतं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. प्रयोगशाळेत घंटा झाली की हिरवं पाणी मोरीत जातं. त्यासाठी वाट बघत कुणी थांबलंय असं मी ऐकलं नव्हतं.

"लई दिस लागतील," मी म्हटलं. "तात्या, ऐका माझं. नवी पूड आणू. तुमच्या डोळ्यांचं..." 

"डोळ्याचं मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "बरणी माठाखाली ठेव. तितं गार असतंय."

असा हा बाप. मी कपाळावर हात मारला, पातेल्यातलं हिरवं पाणी परत बरणीत ओतलं आणि झाकण लावून बरणी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली.

त्या उन्हाळ्यात बरणी आणि तात्या यांच्यात शर्यत लागली होती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी डोळ्यांत थेंब घातले की ते विचारायचे, "फिरलं का?" मी बरणी खिडकीत धरायची. हिरवंच. त्यांची नळी अरुंद होत चालली होती. आधी समोरच्या माणसाचा सगळा चेहरा मावायचा, मग नुसतं नाक-डोळे, मग बोलणाऱ्याचं तोंड शोधायला त्यांना मान हलवावी लागायची. मला झोप लागायची नाही. नव्या पुडीची पिशवी मी मागवून कपाटात आणून ठेवली होती. दोन-तीनदा वाटलं, गुपचूप बदलून टाकावं पाणी, सांगावं की फिरलं म्हणून. कशाला हा हट्ट? पण त्यांनी हयातभर काचेवर खोटं बघितलं नव्हतं. माझा हात काही धजावला नाही.

पावसाळा निम्मा सरला तरी हिरवं. मग मी रोज बघायचं सोडून दिलं. चिडून सोडलं, खरं सांगायचं तर. आणि एके दिवशी आई माठ धुवायला उठली आणि तिथूनच ओरडली, "अगं, तुमचं ते पाणी बघ. मोरपंखी झालंय."

मी धावले. बरणी खिडकीत धरली. रंग हिरवा होता, पण हिरवा नव्हता. काहीतरी राखाडी निळसर झाक आली होती, मळभ आल्यासारखी. मला खात्री वाटेना. पण साड्यांचे रंग ओळखण्यात आईचा हात कोण धरणार? "बाटली हिरवा न्हाय राह्यला तो," ती ठासून म्हणाली. "मोरपंखी हाय. मळका मोरपंखी."

पुढं मग रंग रोज तिनंच सांगितला. मळक्या मोरपंखीचा राखाडी, राखाडीचा निळा, निळ्याचा वांगी. आणि श्रावण संपता संपता एका सकाळी तिनं बरणी हलवली आणि म्हणाली, "जांभूळ झालं."

मला काय वाटलं ते कसं सांगू? मी रसायनशास्त्राची बाई, यात जादू काही नाही हे मला माहीत आहे. पण कुणी हात न लावता, कुणी काही न घालता, त्या बंद बरणीत प्रत्येक क्रोमियमपाशी पाण्याचा एकेक रेणू परत गेला होता आणि आपल्या जागेवर बसला होता. अगणित वेळा. आमच्या माठाखाली, आम्ही भाकरी खात असताना, भांडत असताना.  मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले आणि कॉलेजला उशीर झाला.

तात्यांनी बरणी नळीत धरली, आत बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पॅन सुटला न्हाय."

उकळताना पाणी आटलेलंच होतं, त्यामुळं माल भरपूर होता. थोड्या दिवसांत तळाशी दाणे धरले. मी बाहेर काढून ताटलीत पसरले आणि तात्यांनी बोटाच्या पेरानं एकेक चाचपून त्यातला एक निवडला, धारदार कडांचा, अख्खा. आता तो बांधायचा कशानं? दोऱ्याला गर्दी होते. मी म्हटलं, केस लागेल, लांब आणि बारीक. माझे केस खांद्यापर्यंत. आईचे कमरेपर्यंत, पांढरे शुभ्र.

"म्हातारपणी माझं क्यास उपटायला निघाली दोघं!" आई म्हणाली. पण अंबाडा सोडून तिनं स्वतःच एक केस काढून दिला. तात्यांनी गाठ मारली. केस त्यांना दिसत नव्हता, बोटांनीच मारली. दाणा पाण्यात सोडला आणि केसाचं दुसरं टोक काडीला बांधून काडी बरणीच्या तोंडावर आडवी ठेवली.

दाणा एकदा धरला की पॅनला नवा पाक पाजायचा असतो, हा कारखान्याचा नियम. म्हणून आता नवी पूड त्यांना चालली. मी गार पाण्यात विरघळवून थोडं थोडं पाणी बरणीत घालत गेले. हरभऱ्याचा वाटाणा झाला, वाटाण्याची सुपारी झाली. आणि जेवढा मोठा, तेवढाच नेटका. आठ बाजू, आठही तिकोनी, जणू कुणी पट्टी लावून कापल्यात. कुणी कापलं नव्हतं. पाण्यातून एकेक कण येत होता आणि आपली जागा ओळखून बसत होता.

थंडी पडली तेव्हा तो आवळ्याएवढा झाला. तात्या म्हणाले, "काढ. बघू आता." त्यांची नळी सुईच्या नेढ्याएवढी राहिली होती.

मी खडा पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मान इकडं केली, तिकडं केली. आई आणि मी श्वास रोखून उभ्या होतो.

"काळा हाय," ते म्हणाले.

 खरंच होतं ते. लहान असताना जांभळा दिसायचा, पण वाढेल तसा गडद होत गेला आणि इतका मोठा झाला, की उजेड आत शिरेना. नुसता काळाकुट्ट. एवढं सगळं करून त्यांच्या हातात मी कोळसा दिला होता. मला रडू आवरेना. "तात्या, मला माफ करा. मला कळायला पाहिजे होतं, मोठा झाला की..."

"रडतीस काय?" ते खेकसले. "हातात घिऊन दाणा बघत्यात व्हय कधी? बल्ब कुठाय?"

खिडक्या लावल्या. भर दुपारी घरात अंधार केला. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि त्यांनी दोन बोटांत धरलेल्या खड्याच्या अगदी मागं टेकवला.

लाल! जांभळा नाही, लाल. खड्याच्या पोटातून लाल उजेड आला, पिकलेलं डाळिंब फोडल्यावर दिसतो तसा, कडेकडेनं पेटलेला, मध्ये गर्द. आठही तिकोनांच्या कडा आतून उजळल्या. आई "अगं बया!" म्हणून मागं सरकली. मी कधी बघितलं नव्हतं हे. इतकी वर्षं हा क्षार हाताळला, पण याच्या आत हे आहे हे मला माहीत नव्हतं.

तात्यांनी एक डोळा मिटला होता. अगदी पॅनसमोर मिटायचे तसा. आवळ्याएवढा तो खडा त्यांच्या नळीत बरोबर मावत होता, तेवढाच, त्याच्याशिवाय जगातलं दुसरं काहीच नाही. ते किती तरी वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, तरी पापणी लवली नाही. माझा हात दुखायला लागला, पण मी टॉर्च हलवला नाही.

"दिसतंय का तात्या?"

"दिसतंय," ते म्हणाले. "समदं दिसतंय."

खडा टिकवायचा तर त्याला नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा लागतो, नाहीतर उघड्यावर त्यातलं पाणी उडतं आणि तो धुरकट होतो. मी बाटली तयार ठेवली होती. कायमचा राहील, म्हणून सांगितलं. शोकेसमध्ये ठेवू.

"म्हंजे वाढायचा थांबंल?"

"थांबेल."

त्यांनी बाटली हातानंच बाजूला सारली. "मग मी काय सांगितलं हुतं तुला?"

"पण तात्या, पुढं तुम्हाला..."

"मला दिसायचं ते दिसलं. त्याला वाढू दे."

ही दुसरी थंडी. तात्यांची नजर पावसाळ्यातच गेली, मधलीसुद्धा. आता ते घरात भिंतीला हात लावत फिरतात आणि आईच्या बांगड्यांच्या आवाजावरून ती कुठं आहे ते ओळखतात. खडा उन्हाळ्यात थोडा झिजला, पाणी तापलं की तो झिजतोच. थंडीत परत भरला, आता लिंबाएवढा आहे. केस मधे एकदा तुटला, आईनं कुरकुरत दुसरा दिला.

रविवारी सकाळी आम्ही बरणी उघडतो. मी खडा पुसून त्यांच्या हातात देते, मग खिडक्या लावते आणि टॉर्च मागं धरते. नजर गेल्यावरच्या पहिल्या रविवारी आई म्हणाली होती, "आता कशाला बॅटरी जाळतीस?" तात्या तिच्यावर डाफरले, "बघितल्याबिगर दाणा परत पाण्यात जात न्हाय. मला दिसत नसंल तर तुमी बघा की."

म्हणून आम्ही दोघी बघतो. ते दोन बोटांत खडा धरून, एक डोळा मिटून, समोर तोंड करून बसतात.

"रंग काय?"

"डाळिंब," मी म्हणते.

"आन् कडा?"

"पेटल्यात," आई म्हणते.

ते मान हलवतात. हातात वजन तोलतात, अंगठ्यानं एकेक बाजू चाचपतात आणि म्हणतात, "वाढलाय." मग डाव्या हातानं बरणीचं तोंड शोधतात आणि खडा परत पाण्यात सोडतात.